पाक हार्सोयोंचे ब्रेक

पाक हार्सोयो खोटं बोलले नव्हते, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत, अंगणातल्या सायकलकडे बघत, "चालवता वाटतं?" असं विचारलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हो, दर रविवारी. डोंगरात." सायकल ते खरोखरच दर रविवारी चालवत. ती चालवत तो रस्ता मेरापी डोंगराच्या पायथ्याशी होता, आणि पायथा हा डोंगराचाच भाग असतो, हे कुठल्याही भूगोलाच्या मास्तरांना विचारावं. या दौडीचा शेवट चौकातल्या सोतोच्या गाडीवर, दोन वाडगे रस्सा आणि बशीभर तळलेल्या सोयाबीनच्या वड्या, म्हणजे तेंपे, यांवर होत असे. हे त्यांनी सांगितलं नाही, कारण ते कोणी विचारलं नव्हतं.

होणारे व्याही पाक प्रासोजो ('पाक' म्हणजे आमच्याकडचं 'राव') वनखात्यातून निवृत्त झालेले. अंगावर मांस औषधालाही नाही, बोलणं मोजकं, आणि पोटऱ्या अशा की पाक हार्सोयोंनी त्यांच्याकडे बघून आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"मग एकदा बरोबर जाऊ," पाक प्रासोजो म्हणाले. "कालिउरांगच्या वरून, जंगलातल्या वाटेनं खाली."

आमच्या जावामध्ये तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. 'बघू या' म्हटलं की समोरचा काय ते समजतो, हसतो आणि विषय बदलतो. इतकी सुंदर सोय पूर्वजांनी करून ठेवलेली असताना पाक हार्सोयोंच्या तोंडून "अवश्य!" निघून गेलं. तेही जरा मोठ्यानं.

तेव्हा सूरो महिना चालू होता. सूरोत लग्नकार्याचं पाऊल कोणी उचलत नाही. म्हणून ठरलं असं, की महिना संपल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी मुलाकडची मंडळी रीतसर मागणी घेऊन येतील. "दुपारी मंडळी येतील, सकाळी आपण दोघं उतरू," पाक प्रासोजोंनी जोड दिली. म्हणजे व्याह्यांसमोर लाज जायची तर ती नेमकी मागणीच्या दिवशी, आणि मंडळी दारात यायच्या आत.

पाहुणे गेल्यावर निंग्रुम, म्हणजे त्यांची मुलगी, समोर येऊन उभी राहिली. "बापाक, सरळ सांगून टाका ना त्यांना, तिथून उतरायला मला भीती वाटते म्हणून."

"भीती? मला?" पाक हार्सोयो म्हणाले. "माझ्यात काही कमी नाही. कमी आहे ती ब्रेकमध्ये."

हे म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. पाक हार्सोयो जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांचा देहही हुद्द्याला शोभेल असा होता. आदल्याच महिन्यात कालव्याजवळच्या एका बेताच्या उतारावर त्यांनी दोन्ही ब्रेक दाबले, तर सायकलनं त्याची फक्त नोंद घेतली आणि ती पुढे गेली. शेवटी ती थांबली बांबूच्या कुंपणापाशी, कुंपणापलीकडच्या बकऱ्यांशी नजरानजर झाल्यावर. त्या दिवसापासून त्यांचं ठाम मत झालं होतं की ज्याअर्थी माणूस भक्कम, त्याअर्थी ब्रेकही भक्कम पाहिजेत.

सायकलच्या दुकानदारानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "सायकलला नाही, तुम्हाला थांबवायचंय," तो म्हणाला. पाक हार्सोयोंनी हे वाक्य ऐकलं नाही असं दाखवलं. दुकानदारानं मग बशीएवढ्या दोन पोलादी डिस्क काढल्या. डिस्क जितकी मोठी तितका ब्रेकला जोर जास्त. तिला चिमटीत धरणारे पॅडही त्यानं धातूमिश्रित दिले, ब्रेकच्या नळ्यांमधलं जुनं तेल काढून नवं भरलं आणि बुडबुडे घालवले. "आता बोटभर दाबलं तरी थांबाल. पण दोन गोष्टी. एक, डिस्कला हात लावायचा नाही. बोटांचा तेलकटपणासुद्धा तिला चालत नाही. दुसरी, पॅड नवे आहेत, ते बसवून घ्या. वेगात यायचं, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेगात यायचं, पुन्हा दाबायचा. बऱ्याच वेळा करावं लागेल."

बऱ्याच वेळा करायला पाक हार्सोयोंची ना नव्हती. आमची गल्लीही थोडी उताराचीच आहे. संध्याकाळी कार्यालयातून आले की ते वरच्या टोकाला जात, तिथून वेगात खाली येत आणि ब्रेक दाबत. ब्रेक दाबला की नव्या पॅडमधून असा काही किंचाळणारा आवाज निघे की गल्लीतली तान्ही मुलं उठत आणि म्हातारे झोपायचा प्रयत्न सोडून देत. तिसऱ्या संध्याकाळी शेजारच्या बू सुमियातींच्या कोंबड्या त्या आवाजानं उडाल्या त्या थेट रस्त्याकडेला वाळत घातलेल्या कोळंबीच्या पापड्यांवर उतरल्या. कोंबड्यांना चुकवायला गेलेले पाक हार्सोयोही पाठोपाठ त्याच पापड्यांवर उतरले.

दुसऱ्या दिवशी गल्लीप्रमुख पाक तुकिजोंनी सभा बोलावली. गल्लीप्रमुखपद पाक तुकिजोंना कुणालाच नको होतं म्हणून मिळालं होतं, पण मिळाल्यापासून ते त्यांनी फार मनावर घेतलं होतं. सभेत चहा झाला, शेंगदाणे झाले, रस्त्यावरच्या दिव्यांचा विषय निघाला, मागच्या वर्षीच्या गटाराचा निघाला. पाक हार्सोयोंचं नाव कोणीही घेतलं नाही. "आपल्यातल्याच एका सन्माननीय गृहस्थांची सायकल" असा उल्लेख मात्र वारंवार झाला आणि प्रत्येक वेळी सगळे छताकडे बघत. शेवटी एकमतानं ठरलं की गल्लीत एक गतिरोधक बांधावा. तो योगायोगानं पाक हार्सोयोंच्या फाटकासमोर बांधायचं ठरलं. रविवारी श्रमदान होतं आणि श्रमदानाला प्रत्येक घरातून एक माणूस यावाच लागतो. आपल्या विरोधातल्या गतिरोधकाची सिमेंटची घमेली पाक हार्सोयोंनी स्वतः वाहिली, वर आलेल्यांना तळलेली केळीही वाटली. सन्माननीय गृहस्थ म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

चाचण्या बंद झाल्या. आवाज मात्र राहिला, आणि आवाज आहे म्हटल्यावर सल्ले आले. पाक तुकिजो म्हणाले, "पॅड गॅसवर भाजा." मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या शेजाऱ्याचं म्हणणं पडलं, पॉलिश पेपरनं घासा. बू सुमियाती म्हणाल्या, "सोतो सोडा, आवाज आपोआप जाईल." पापड्यांच्या प्रकरणानंतर त्यांच्या सल्ल्यात शास्त्रीय तटस्थता उरली नव्हती, त्यामुळे तो विचारात घेतला गेला नाही.

आणि मग म्बाह विर्यो आले. हे गल्लीतले सगळ्यात ज्येष्ठ आजोबा. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नागमोडी पात्याच्या कट्यारी, म्हणजे क्रिस, त्यांच्याकडे कपाटभर आहेत. दर सूरोत ते त्या कट्यारींना विधीपूर्वक स्नान घालतात. आजोबा सायकलपुढे उकिडवे बसले, डोळे मिटून त्यांनी एक चाक फिरवलं आणि मान हलवली.

"पोलाद रडतंय," ते म्हणाले.

"नाही म्बाह, ते पॅड नवीन आहेत म्हणून..."

"हार्सोयो, पोलाद तू ओळखतोस की मी? भट्टीतून आलं, दुकानात पडलं, कोणी त्याला अंघोळ घातली नाही, कोणी दोन शब्द बोललं नाही. रडेल नाही तर काय करेल? उद्या माझ्या क्रिसांचं स्नान आहे. काढून दे त्या दोन्ही चकत्या."

आता ज्येष्ठ माणसाला 'नाही' म्हणणं हे होणाऱ्या व्याह्यांना 'नाही' म्हणण्याहूनही अवघड. पाक हार्सोयोंनी डिस्क काढून दिल्या. तरी दुकानदाराची ताकीद त्यांच्या लक्षात होती. "म्बाह, फक्त एवढंच, की त्यांना बोट लागता कामा नये."

आजोबांचा चेहरा उतरला. "चार पिढ्या झाल्या आमच्या घरात. पात्याला उघडं बोट लावणारा अजून जन्माला यायचाय," असं म्हणून त्यांनी दोन्ही डिस्क पांढऱ्या कापडात घेतल्या आणि छातीशी धरून नेल्या.

दोन दिवसांनी त्या परत आल्या. नारळाच्या पाण्यात बुडवलेल्या, लिंबानं घासलेल्या, धुपावर धरलेल्या, मोगऱ्याच्या कळ्यांसकट. पाक हार्सोयोंनी त्या चाकांवर चढवल्या, अंगणात दोन पावलं सायकल ढकलली आणि ब्रेक दाबला. आवाज नाही! पुन्हा ढकलली, पुन्हा दाबला. शांत, मऊ, सभ्य. त्यांना भरून आलं. दोन पावलांत सायकल तशीही थांबतेच आणि अंगणाबाहेर नवा गतिरोधक होता, त्यामुळे याहून मोठी चाचणी शक्यच नव्हती. गरजही वाटली नाही.

"कसला तरी वास येतोय," बू नास्तिती, त्यांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या.

"धुपाचा," पाक हार्सोयो म्हणाले. आजोबांनी विधीच्या शेवटी, रीतीप्रमाणे, प्रत्येक पात्याला देतात तसा डिस्कलाही चंदनाच्या तेलाचा हात दिला होता. बोट न लावता, खारीच्या केसांच्या कुंचल्यानं. हे तेव्हा आजोबांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी एका मालवाहू गाडीत दोन्ही सायकली टाकून दोघे वर गेले. पाक हार्सोयोंचा आत्मविश्वास त्या दिवशी बघण्यासारखा होता. वाटेत त्यांनी पाक प्रासोजोंना ब्रेकविषयी चार गोष्टी समजावून सांगितल्या. डिस्कचा आकार, पॅडमधला धातू, नळीतले बुडबुडे. पाक प्रासोजो ऐकत होते आणि उत्तरादाखल फक्त "अच्छा, अच्छा" म्हणत होते. वर पोचल्यावर त्यांनी शिरस्त्राणाचा पट्टा तीनदा सोडून तीनदा बांधला.

"तुम्ही पुढे व्हा, पाक," पाक हार्सोयो म्हणाले.

"छे छे, आधी तुम्ही."

"तुम्ही वाट ओळखता."

"तुम्ही पाहुणे."

असा शिष्टाचार बराच वेळ चालला आणि त्यात शेवटी पाक प्रासोजो हरले. ते पुढे, पाक हार्सोयो मागे. पहिलं वळण आलं. पाक हार्सोयोंनी दुकानदारानं सांगितल्याप्रमाणे एका बोटानं ब्रेक दाबला. काही झालं नाही. दोन बोटांनी दाबला. मग सगळ्या बोटांनी, मग दात-ओठ खाऊन. ब्रेक अत्यंत मऊपणे दाबले गेले आणि सायकलचा वेग वाढला.

"बाजूला व्हा!" पाक हार्सोयो ओरडले. पाक प्रासोजो बाजूला झाले. त्यांच्या शेजारून सहस्र मत्स्यतळ्यांवर देखरेख करणारा एक अधिकारी जो गेला, तो पाइनच्या झाडांमध्ये दिसेनासाच झाला.

पुढचं वर्णन पाक हार्सोयो स्वतः करत नाहीत, त्यामुळे ते इतरांकडून गोळा करावं लागतं. डिस्क तापल्या तसं चंदन दरवळायला लागलं. जंगलात कुठूनही अचानक असा सुगंध आला, की आमच्याकडे माणसं जागच्या जागी थांबतात, खाली बघतात आणि जे कोणी अदृश्य चाललं असेल त्याला जाऊ देतात. गवत कापणाऱ्या बायका थांबल्या. चहावाल्यानं किटली खाली ठेवून डोळे मिटले. म्हणजे ज्यांना ज्यांना पाक हार्सोयोंना थांबवायला मदत करता आली असती, ते सगळे श्रद्धेनं नजर झुकवून उभे राहिले. पाक हार्सोयोंनी "धरा! कोणीतरी धरा!" अशी हाक दिल्याचंही काहींनी ऐकलं, पण अशा हाकेला ओ द्यायची नसते हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

जंगल संपलं तिथे सालाकची बाग लागते. सालाकचं फळ गोड असतं, पण झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बोटबोटभर काट्यांचं. सायकल बागेच्या बांधाला लागून थांबली. पाक हार्सोयो थांबले नाहीत. ते बागेत गेले आणि बसले.

पाक प्रासोजो पोचेपर्यंत बराच वेळ गेला. तोवर पाक हार्सोयो उठून, विजार झटकून, एक हात सायकलवर ठेवून, दूरवर बघत उभे होते.

"तुम्ही... ब्रेकला... हातच लावला नाहीत!" पाक प्रासोजो धापा टाकत म्हणाले.

पाक हार्सोयोंनी या क्षणी खरं सांगायचं ठरवलं. काटे टोचत असताना माणूस फारसा खोटं बोलू शकत नाही. "लावला हो. लागत नव्हते."

"बघा! एवढं करून वर ही नम्रता!" पाक प्रासोजोंनी हात जोडले. आमच्यात कोणी स्वतःला काही येत नाही म्हणाला, तर त्याला ते येतं असंच धरायचं असतं. परतताना पाक हार्सोयो गाडीच्या मागच्या भागात उभे राहिले. हवा फार छान आहे म्हणाले.

दुपारी मंडळी आली. फळांची, कापडाची, गोडधोडाची तबकं मांडली गेली. बैठक चटयांवर होती. बू नास्तितींनी दिसले तेवढे काटे काढले होते, पण दिसले नाहीत तेही बरेच होते. पाक हार्सोयो बाटिकचा कडक सदरा घालून दाराशी उभे राहिले आणि उभेच राहिले. यजमान उभा असताना पाहुण्यांनी बसायचं कसं? तेही उभे राहिले. मुलाकडचे वक्ते, म्हणजे त्यांचे थोरले काका, गुडघ्यांच्या दुखण्यानं हैराण असलेले, तेही भिंतीला टेकून उभे.

"बसा ना," पाक हार्सोयो म्हणाले.

"आपण आधी," सगळे म्हणाले.

इतक्यात सकाळची हकिगत फुटली. पाक प्रासोजोंनीच ती सांगितली होती. एक मामा म्हणाले, "ऐकलं, आपण ब्रेक वापरत नाही!"

"वापरतो हो, ते बिघडले होते," पाक हार्सोयो म्हणाले. कौतुकाचा हंशा झाला.

"मी घाबरलो होतो," त्यांनी जीव तोडून सांगितलं. मामांनी बाकीच्यांकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, की खानदानी माणूस असा असतो. एकटे पाक प्रासोजो हसले नाहीत. ते कोपऱ्यात मुलाला बाजूला घेऊन काहीतरी सांगतायत आणि दामर, म्हणजे निंग्रुमचा होणारा नवरा, पांढरा पडलाय, हे पाक हार्सोयोंनी पाहिलं. निंग्रुमनंही पाहिलं. तिच्या हातातल्या तबकावरचे पेले किणकिणले.

ते किणकिणणं पाक हार्सोयोंच्या काळजात गेलं. लाज-बीज त्यांना त्या क्षणी काही आठवली नाही. त्यांनी होणाऱ्या व्याह्यांचा हात धरला आणि सगळ्यांदेखत त्यांना मागच्या ओट्यावर नेलं. तिथे सायकल उभी होती.

"ब्रेक दाबा," ते म्हणाले आणि मागचं चाक उचलून त्यांनी जोरात फिरवलं.

पाक प्रासोजोंनी ब्रेक दाबला, अगदी मुठीपर्यंत दाबला. चाक आपल्या आनंदात फिरत राहिलं. ओट्यावर चंदनाचा मंद सुगंध पसरला.

"म्हणजे वरपासून..."

"वरपासून."

"आणि तुम्ही 'बाजूला व्हा' म्हणून ओरडलात, ते..."

"ते मनापासून होतं."

पाक प्रासोजो पायरीवर मटकन बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसतायत की रडतायत, हे पाक हार्सोयोंना काही केल्या कळेना.

"पाक, सकाळपासून मला घास उतरला नाही," ते शेवटी म्हणाले. "आमचा दामर फार मवाळ आहे. रस्ता ओलांडायचा तर दहादा बघतो आणि अलीकडेच राहतो. म्हटलं, असल्या डोंगरफोड्या घरात या पोराचा निभाव कसा लागणार? बोलणी जरा लांबवू या, हेच सांगत होतो त्याला. तर तो रडायलाच लागला."

"आणि तुम्ही? तुम्ही तर तिथून नेहमीच उतरत असाल."

"पहिल्या वळणाआधीच्या त्या खडकांच्या टप्प्यावर मी सायकल हातात धरून चालतो," पाक प्रासोजो म्हणाले. "आज तुम्ही मागे होतात म्हणून सायकलवरच बसून राहिलो. माझ्या हातांना अजून कंप आहे, हे बघा."

दोघंही त्या हातांकडे बघत राहिले. पाक हार्सोयोंना हा माणूस एकाएकी फार आवडला.

"चला, आत जाऊ," पाक प्रासोजो उठले. "आणि आता तरी बसा. आमच्या काकांचे गुडघे गेले."

"बसता येत नाही."

"का?"

"सालाक," पाक हार्सोयो म्हणाले.

पाक प्रासोजोंनी उभी हयात वनखात्यात घालवली होती. एका शब्दात त्यांना सगळं समजलं. त्यांनी बाह्या सरसावल्या, स्वयंपाकघराच्या दारातून बू नास्तितींकडे चिमटा मागितला आणि ओट्याकडे बोट दाखवलं. "पालथे पडा, व्याही."

पुढच्या खोलीत यजमान दिसत नाहीत असं बघून मंडळी घाईघाईनं बसून घेत होती. वक्त्या काकांनी पाय पसरले, घसा खाकरला आणि उंची दरबारी भाषेत दोन्ही घराण्यांची स्तुती सुरू केली. ती संपवून त्यांनी विचारलं, की आमच्या चिरंजीवांसाठी केलेली ही मागणी वधूपित्याला मान्य आहे का?

सगळ्यांच्या माना मागच्या दाराकडे वळल्या, आणि तिथून पाक हार्सोयोंचा खणखणीत आवाज आला.

"मान्य आहे! मनापासून मान्य आहे! अहो व्याही, जरा हळू!"